एमबीएची एक टर्म फ्रान्समध्ये: एक्स्चेंजला निघालेल्यांसाठी

भारतातल्या दोन वर्षांच्या एमबीएत बहुतेक ठिकाणी सहा टर्म असतात. त्यातली चौथी किंवा पाचवी टर्म परदेशातल्या भागीदार संस्थेत करायची सोय आता बऱ्याच बी-स्कूलमध्ये आहे. व्यवहार सरळ असतो. त्यांचे विद्यार्थी इकडे येतात, आपले तिकडे जातात आणि फी ज्याने त्याने आपल्या मूळ संस्थेत भरायची. म्हणजे तिकडच्या शाळेची फी तुमच्या डोक्यावर नसते. तिकीट, व्हिसा, विमा, घरभाडं, जेवण आणि फिरणं मात्र सगळं स्वतःच्या खिशातून.

इथे मी फ्रान्सबद्दल आणि सप्टेंबर ते डिसेंबर या टर्मबद्दल लिहितोय. भागीदार संस्थांच्या याद्यांत फ्रेंच नावं हटकून असतात आणि कागदपत्रांचा गुंताही तिथे जास्त. या सगळ्या प्रकरणातली खरी अडचण अभ्यासाची नसते, क्रमाची असते. पासपोर्टाशिवाय नॉमिनेशन पुढे सरकत नाही, नॉमिनेशनशिवाय स्वीकृतीपत्र येत नाही, स्वीकृतीपत्राशिवाय व्हिसाचा अर्ज उघडत नाही, आणि व्हिसाच्या अर्जात राहायचा पत्ता मागतात. एक कागद आठवडाभर अडला की मागचे सगळे अडतात.

आधी प्लेसमेंटचं बघा

एक्स्चेंजचा फॉर्म आला की वर्गात पहिली चर्चा शहरांची होते. ती व्हायला हवी प्लेसमेंटच्या वेळापत्रकाची. तुमच्या संस्थेत फायनल प्लेसमेंट टर्म संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत होत असतील तर फारसा प्रश्न नाही. पण कंपन्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत असतील, तर तुम्ही तेव्हा लिल किंवा लियाँच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेले असणार. प्लेसमेंट समितीला दोन गोष्टी लेखी विचारा. एक्स्चेंजवाल्यांची मुलाखत ऑनलाइन घेतली जाते का, आणि कोणत्या कंपन्या त्याला तयार नसतात? तोंडी मिळालेलं ‘होऊन जाईल’ हे उत्तर धरू नका.

वेळेचं गणितही आधीच करून ठेवा. उन्हाळी घड्याळात फ्रान्स भारताच्या साडेतीन तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. भारतातली सकाळी नऊची मुलाखत सप्टेंबरमध्ये तिकडे पहाटे साडेपाचला असते, नोव्हेंबरमध्ये साडेचारला. त्या वेळी भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असतो. शाळेच्या ग्रंथालयातली लहान खोली आधी राखून ठेवता येते का, आणि इमारत पहाटे उघडी असते का, हे पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

समर इंटर्नशिपनंतर पीपीओ, म्हणजे त्याच कंपनीची नोकरीची ऑफर, हातात असलेल्यांना ही डोकेदुखी नाही. हातात काही नाही आणि शिक्षणकर्ज मोठं आहे, अशांनी घरच्यांसोबत बसून शांतपणे विचार करावा. न जाण्यात काही कमीपणा नाही. हे सांगावं लागतं, कारण यादीत नाव लागलं की नकार द्यायला माणूस संकोचतो.

पसंतीक्रम भरताना नकाशा उघडा

माहितीपत्रकावर पॅरिस लिहिलेलं असतं, पण कॅम्पस पॅरिसमध्येच असेल असं नाही. एचईसी ही नावाजलेली शाळा झूई-आं-झोझास या गावात आहे, पॅरिसच्या नैऋत्येला सुमारे वीस किलोमीटरवर. तिथे झाडी आहे, शांतता आहे, कॅम्पसवरच राहायची सोय आहे, पण रात्री शहरातून परतताना शेवटच्या गाडीकडे लक्ष ठेवावं लागतं. एसेकचा मुख्य कॅम्पस सेर्जीला, आरईआर-ए या उपनगरी मार्गाच्या टोकाला. ईएससीपी मात्र खरोखर पॅरिस शहरात. एडेक लिल आणि नीसमध्ये, निओमा रान्स आणि रुआँमध्ये, ऑडेन्सिया नाँतमध्ये.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच परदेशी निघालेल्याने पॅरिसपेक्षा लिल, नाँत, ग्रेनोब्लसारखं शहर निवडावं. भाडं कमी, खोली लवकर मिळते आणि वर्गाबाहेर फ्रेंच लोकांशी दोन शब्द बोलायची वेळ येते. पॅरिसला टीजीव्ही या वेगवान रेल्वेने लिलहून तासाभरात आणि नाँतहून दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं.

शहराच्या आधी बघायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. त्या टर्मला इंग्रजीतून कोणते विषय मिळतात? आणि त्यांची टर्म तुमच्या संस्थेच्या पुढच्या टर्मच्या आधी संपते का? काही ठिकाणी परीक्षा जानेवारीपर्यंत लांबतात. आपल्याकडची सहावी टर्म तोवर सुरू झालेली असते आणि मग दोन्हीकडची हजेरी बुडते.

नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नव्हे

निवड आपल्या संस्थेत होते. सीजीपीए, छोटी मुलाखत आणि पसंतीक्रम यांवरून यादी लागते. मग आपलं इंटरनॅशनल रिलेशन्स ऑफिस तुमचं नाव तिकडे कळवतं. याला नॉमिनेशन म्हणायचं. त्यानंतर तिकडच्या शाळेचा दुवा तुमच्या ईमेलवर येतो आणि त्यांचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. हा दुवा बरेचदा स्पॅममध्ये पडतो, तेव्हा तो फोल्डर रोज उघडत जा. अर्जात पासपोर्टची प्रत, गुणपत्रिका, फोटो, कधी इंग्रजी माध्यमाचं प्रमाणपत्र मागतात. नाव सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि पासपोर्टावर रचना तिसरीच असते. असा फरक असेल तर संस्थेकडून ‘ही एकच व्यक्ती’ असं पत्र आताच घेऊन ठेवा.

पासपोर्ट काढलेला नसेल तर एक्स्चेंजची जाहिरात लागायची वाट बघू नका. पोलीस पडताळणी मूळ गावी आणि तुम्ही हॉस्टेलवर, अशी ओढाताण ठरलेली. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता आणि दोन कोरी पानं हवीत.

विषय निवडताना ईसीटीएस हा हिशेब समजून घ्या. युरोपात पूर्ण वर्षाला ६० आणि एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात. एक क्रेडिट म्हणजे वर्ग, वाचन, गटकाम सगळं धरून २५ ते ३० तास. तुमच्या संस्थेला त्यातले किती हवेत, कोणता विषय कशाच्या बदल्यात धरणार, हे प्रोग्रॅम ऑफिसकडून ईमेलवर मंजूर करून घ्या. दोन-तीन पर्यायी विषयही त्याच फेरीत मंजूर करून ठेवा. तिकडे गेल्यावर एखादा विषय भरलेला निघतो किंवा दोन विषयांच्या वेळा आदळतात, आणि तेव्हा इकडे दिवाळीची सुट्टी लागलेली असते.

व्हिसा

मुक्काम ९० दिवसांच्या आत असेल तर शॉर्ट-स्टे शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचं सामायिक व्हिसा-क्षेत्र), त्याहून जास्त असेल तर लाँग-स्टे. बहुतेकांची टर्म सव्वातीन ते चार महिन्यांची असल्याने दुसराच लागतो. तारखा मोजताना ओरिएंटेशन आठवडाही धरा आणि परीक्षेनंतरचं फिरणंही.

लाँग-स्टेसाठी आधी ‘कँपस फ्रान्स’ या सरकारी संस्थेच्या ‘एत्यूद आँ फ्रान्स’ पोर्टलवर खातं उघडून प्रक्रिया पूर्ण करायची. तिथे तुम्ही आधीच स्वीकारले गेलेले एक्स्चेंज विद्यार्थी आहात, हा प्रकार नीट निवडायचा. चुकून साध्या प्रवेशाची वाट धरलीत तर निस्तरण्यात दिवस जातात. तिथून मंजुरी आली की व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीची वेळ घ्यायची. लाँग-स्टेचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरला निघायचं तर जूनमध्ये फाइल तयार हवी, कारण जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सला निघालेले सगळेच विद्यार्थी त्या रांगेत असतात.

फाइलमध्ये स्वीकृतीपत्र, आपल्या संस्थेचं पत्र, राहण्याचा पुरावा, विमा आणि पैशाचा पुरावा लागतो. पैशासाठी महिन्याला ६१५ युरो हा किमान आकडा धरला जातो. पॅरिसमध्ये तेवढ्यात भागत नाही, तेव्हा खात्यात जास्त दिसू द्या. खातं वडिलांचं असेल तर त्यांचं हमीपत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसली की शंका येते. मुदतठेव मोडली असेल तर तिची पावतीही लावा.

हातात पासपोर्ट आला की स्टिकर नीट वाचा. त्यावर ‘व्हीएलएस-टीएस’ (निवास परवाना म्हणूनही चालणारा लाँग-स्टे व्हिसा) असेल तर फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, त्याची फीही ऑनलाइनच भरायची. हे राहिलं तर तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो. आणि व्हिसा ज्या तारखेपासून सुरू होतो त्याच्या एक दिवस आधीचंही तिकीट चालत नाही. स्वस्त तिकिटाच्या नादात व्हिसाआधी बुकिंग करणारे दरवर्षी भेटतात.

चार्पाक नावाची फ्रेंच दूतावासाची शिष्यवृत्ती आहे, भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज चार्पाक यांच्या नावाची. तिच्यात एक्स्चेंजसाठी वेगळा प्रकार असतो. मुदत लवकर संपते, म्हणून नॉमिनेशन झाल्या झाल्या बघा.

घर

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. चार महिन्यांसाठी घर द्यायला मालक नाखूश असतात, त्यांना वर्षभराचा भाडेकरू हवा असतो. शाळेचं स्वतःचं वसतिगृह असेल तर अर्ज उघडेल त्या दिवशी भरा. खोली लहान असेल, स्वयंपाकघर सामायिक असेल, तरी घ्या. त्याने व्हिसासाठी पत्ताही मिळतो आणि फसवणुकीचा प्रश्नच राहत नाही.

ते मिळालं नाही तर खासगी विद्यार्थी निवास, किंवा सामायिक फ्लॅटमधली खोली, ज्याला तिथे ‘कोलोकास्याँ’ म्हणतात. करार करताना ‘बाय मोबिलिते’ हे नाव लक्षात ठेवा. २०१८ च्या कायद्याने आलेला हा एक ते दहा महिन्यांचा करार विद्यार्थ्यांसारख्या तात्पुरत्या राहणाऱ्यांसाठीच आहे, आणि त्यात मालकाला डिपॉझिट मागता येत नाही. साध्या फर्निश्ड कराराला दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट लागू शकतं, म्हणजे फरक थोडाथोडका नाही.

मालक ‘गारां’ मागतो, म्हणजे भाडं थकलं तर भरणारा हमीदार, आणि तो फ्रान्समध्ये राहणारा हवा. आपले आई-बाबा तिथे चालत नाहीत. यासाठी ‘व्हिझाल’ ही मोफत हमी योजना आहे. तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ती मिळू शकते, पण अर्जात विद्यार्थी व्हिसा जोडावा लागतो. म्हणजे पुन्हा तोच क्रम: व्हिसा आधी, मग हमी, मग करार. व्हिसाच्या फाइलसाठी तोवर सुरुवातीच्या काळाचं बुकिंग दाखवता येतं.

फसवणुकीचा नमुना ठरलेला असतो. फ्लॅट सुंदर, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, मालक ‘सध्या परदेशात’, पैसे पाठवा की किल्ली कुरियरने येते. अशी किल्ली येत नाही. त्या शहरात आधीच असलेल्या एखाद्या सीनियरला प्रत्यक्ष बघायला पाठवा, किंवा निदान व्हिडिओ कॉलवर मालकाला जिन्यापासून खिडकीपर्यंत चालायला लावा. करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

राहायला गेलात की पहिल्याच दिवशी ‘एता दे ल्यू’ होतं. खोलीची स्थिती लिहून दोघं सही करतात. भिंतीवरचा ओरखडा, नळाची गळती, गादीवरचा डाग, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. फ्रेंच येत नाही म्हणून मान डोलावत सही करू नका, फोनवरचं भाषांतर चालतं. घराचा विमा भाडेकरूनेच काढायचा असतो, तो ऑनलाइन काही मिनिटांत निघतो.

‘काफ’ या सरकारी भत्ते देणाऱ्या संस्थेकडून मिळणाऱ्या घरभाडे मदतीबद्दल सीनियर सांगतील. नियम बदलत असतात आणि चार महिन्यांत पैसे येतीलच असं नाही. बजेटमध्ये ती धरूच नका.

पैसे न्यायचे कसे

एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची चिंता नाही. टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते त्या कराचा, मुद्दा मात्र घरी समजावून सांगा: १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो कापला जात नाही. एका टर्मचा खर्च सहसा या मर्यादेत बसतो.

फॉरेक्स कार्डात युरो भरून न्या आणि एक भारतीय आंतरराष्ट्रीय कार्ड वेगळ्या खिशात ठेवा. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारतं. प्रत्येक वेळी युरो निवडा, रुपयांतला दर त्यांच्या सोयीचा असतो. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटाला चालतं, कोपऱ्यावरच्या बेकरीत नाही. एवढ्या कमी दिवसांसाठी फ्रेंच बँक खातं उघडायच्या भानगडीत पडायची सहसा गरज नसते.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग चालू करून येणारे एसएमएस मिळतात याची खात्री करा, आणि फ्रान्समध्ये बिनकराराचा स्थानिक प्लॅन घ्या.

पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात शाळेचं ओळखपत्र आणि हजेरीचं पत्र घ्या. तिथे नियमित प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून घेतली जाणारी ‘सीव्हीईसी’ नावाची फी एक्स्चेंज विद्यार्थ्यांना लागत नाही, चुकून भरू नका. फ्रेंच आरोग्य विम्याची नोंदणी तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मोफत करता येते, पण ती पूर्ण व्हायला वेळ लागतो. म्हणून भारतातून काढलेला प्रवासविमा पूर्ण मुदतीचा असू द्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट पुरेशी न्या.

पॅरिसमध्ये मेट्रो-बसचा महिन्याचा नाविगो पास कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतो आणि आठवड्याचा सोमवार ते रविवार. गुरुवारी आठवड्याचा पास काढलात तर तीन दिवस गेले. विद्यार्थ्यांचा ‘इमाजीन आर’ स्वस्त दिसतो, पण तो वर्षाचा करार असतो.

दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणा. न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस थंड पडतो आणि आपण त्याला आखडू ठरवतो. दोष बऱ्याचदा आपलाच असतो. निघण्याआधी पुण्याच्या किंवा मुंबईच्या आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत पहिली पातळी करता आली तर उत्तम.

जेवणाची काळजी शाकाहारी मुलांच्या घरी जास्त. विद्यापीठांच्या अनुदानित खानावळीत, ‘रेस्तो-यू’मध्ये, स्वस्तात जेवण मिळतं आणि शाकाहारी पदार्थही असतो. पण रोज तेच खाववत नाही. छोटा कुकर नेलात तर गटात मान वाढतो. डाळ, तांदूळ, मसाले न्यायची गरज नाही, पॅरिसमध्ये ला शापेल भागात श्रीलंकन तमिळांची दुकानंच दुकानं आहेत. गोडा मसाला तेवढा घरून घ्या. याच भागात तमिळांचं गणपतीचं मंदिर आहे आणि ऑगस्टअखेरीस त्याची रथयात्रा रस्त्यावरून निघते, नारळ फुटतात, फ्रेंच पोलीस वाहतूक अडवतात. लवकर पोचलात तर चुकवू नका. ढोल-ताशा नसेल, बाप्पा तोच.

वर्ग आणि गुण

तीन-तीन तासांचे वर्ग, किंवा एकच विषय आठवडाभर सकाळ-संध्याकाळ उरकणारे ब्लॉक, हे दोन्ही प्रकार भेटतात. ब्लॉक घेताना गट-प्रकल्पाची तारीख बघून घ्या. गटात जर्मन, ब्राझिलियन, चिनी मुलं असतात, आणि काही जणांना फक्त पास व्हायचं असतं. कामाची वाटणी पहिल्याच भेटीत लिहून ठेवा.

गुण २० पैकी मिळतात आणि १० ला पास. १२-१३ मिळाले म्हणून हबकू नका, फ्रान्समध्ये १६ च्या वर हात आखडलेलाच असतो. तुमची संस्था हे गुण सीजीपीएत धरते की नुसतं पास-नापास बघते, हे जाण्याआधीच माहीत हवं. गुण धरत असतील तर रूपांतराचा तक्ता मागून घ्या.

फिरणं

फिराच, पण हिशेबाने. फ्रेंच लाँग-स्टे व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो आणि परत फ्रान्समध्ये शिरायला तुमचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. शॉर्ट-स्टेवर आलेल्यांनी दिवस काटेकोर मोजावेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी यंत्रणा येऊ लागली आहे, आणि ती एक दिवसही विसरत नाही.

फ्रान्सच्या आत रेल्वेसाठी २७ वर्षांपर्यंत ‘कार्त अवाँताझ जन’ मिळतं. ४९ युरोंत वर्षभर बहुतेक तिकिटांवर ३० टक्के सूट, म्हणजे दोन-तीन लांबच्या प्रवासांत वसूल. दर शनिवार-रविवार बाहेर असाल तर गटाचे ईमेल साठतात आणि सोमवारी तोंड दाखवायला जड जातं.

परतण्याआधी

खोली सोडायची सूचना करारात लिहिलेल्या मुदतीत लेखी द्या. शेवटच्या दिवशी पुन्हा ‘एता दे ल्यू’ होतं, ते विमानाच्या दिवशी ठेवू नका. डिपॉझिट दिलं असेल तर नुकसान नसल्यास एका महिन्यात, कापाकापी असल्यास दोन महिन्यांत परत करायचा नियम आहे, आणि ते कोणत्या खात्यात यायचं हे मालकाशी ईमेलवर ठरवून घ्या. वीज, इंटरनेट, घरविमा स्वतःच्या नावावर असेल तर बंद करा, नाहीतर कार्डावरून पैसे जात राहतात.

ट्रान्सक्रिप्ट लगेच मिळत नाही. डिसेंबरच्या परीक्षेचे गुण जानेवारीअखेरीपर्यंत लांबतात, आणि इकडे प्रोग्रॅम ऑफिस पदवीची यादी करायला घेतं. निघण्याआधी तिकडच्या एक्स्चेंज समन्वयकाला भेटा, ट्रान्सक्रिप्ट थेट आपल्या ऑफिसला कोणत्या ईमेलवर जाणार ते लिहून द्या, आणि प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर मागा. शाळेचा ईमेल टर्म संपल्यावर बंद होतो.